न दुखणारी गाठ

पायात काटा रुतला तर तो लगेच दुखतो. आपण खाली बसतो आणि काटा काढतो. डोळ्यात कुसळ गेले तर आपण लगेच डोळा धुतो. दुखणे ही शरीराची हाक आहे. हाक आली की माणूस धावतो.

पण एक आजार असा आहे की तो सुरुवातीला बहुधा हाक मारीत नाही. तो मुकाट्याने वाढतो. दुखू लागतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. हा आजार म्हणजे स्तनाचा कर्करोग. बोलताना आपण त्याला छातीचा कॅन्सर म्हणतो.

हा धडा बायांसाठी आहे, तसाच पुरुषांसाठीही आहे. पुरुषांनी पान उलटून पुढे जाऊ नये. का, ते पुढे कळेल.

कर्करोग म्हणजे काय?

कर्क म्हणजे खेकडा. ओढ्याकाठचा खेकडा आपण पाहिला आहे. त्याचे पाय दोन्ही अंगांनी पसरलेले असतात. हा रोगही तसाच आजूबाजूला पाय पसरतो. म्हणून जुन्या वैद्यांनी त्याला खेकड्याचे नाव दिले.

घर विटांचे बनते. तसे आपले शरीर फार बारीक कणांचे बनलेले असते. त्यांना पेशी म्हणतात. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हे काम शिस्तीने चालते. कधी कधी काही पेशी ही शिस्त मोडतात. गरज नसताना त्या वाढतच राहतात. त्यांचा पुंजका होतो. तीच गाठ. वेळीच काढली नाही तर तिच्या पेशी काखेत जातात. तिथून हाडांत, फुप्फुसांत, यकृतात जातात. मग रोग आवरणे कठीण होते.

हा रोग क्वचित होणारा नाही. भारतातल्या बायांना होणाऱ्या कर्करोगांत तो सर्वांत जास्त आढळतो. सन २०२२ मध्ये आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायांना तो नव्याने झाला असा अंदाज आहे. त्याच वर्षी सुमारे ९८ हजार बाया त्याने दगावल्या. यातल्या कितीतरी बाया वाचल्या असत्या. त्यांना रोगाने मारले, तसे उशिरानेही मारले. आणि हा उशीर पुष्कळदा खोट्या समजुतींमुळे होतो.

त्या समजुती कोणत्या, ते आता पाहू.

आरोग्य केंद्रातल्या गोष्टी

ठाणे शहराच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे. डोंगराच्या अलीकडे वर्तकनगर नावाची मोठी वस्ती आहे. तिथे म्हाडाच्या जुन्या इमारती आहेत, चाळी आहेत, नवे उंच टॉवरही आहेत. येऊरच्या पाड्यांवरच्या बायाही कामाला आणि बाजाराला खाली उतरतात.

समजा, अशा वस्तीतल्या आरोग्य केंद्रात बाकावर चार बाया बसल्या आहेत. एक आजी आहे, तिची सून आहे, एक शेजारीण आहे आणि एक मावशी आहे. नर्सबाई त्यांच्याशी बोलत आहेत. आपणही ऐकू.

आजी : बाई, माझं वय झालं सत्तर. मला आता कसला आलाय हा रोग? तो तर तरण्या बायांचा.

नर्सबाई : उलट आहे, आजी. वय वाढतं तसा धोका वाढतो. तरण्या बायांना होत नाही असं नाही. पण पाळी गेली, पोरं मोठी झाली, आता काय तपासायचं, असं कधी म्हणू नका.

सून : आमच्या माहेरी कुणालाच हा रोग नव्हता. मग मला कसा होईल?

नर्सबाई : होऊ शकतो. ज्या बायांना होतो, त्यांतल्या बहुतेकींच्या घराण्यात तो आधी कुणाला झालेला नसतो. शंभरातल्या पाच ते दहा जणींनाच तो घराण्यातून येतो. पण आईला किंवा बहिणीला झाला असेल, तर जास्त सावध राहायचं. डॉक्टरला ते आधी सांगायचं.

सून : मी दोन लेकरांना अंगावर पाजलं. पाजलं की होत नाही म्हणतात.

नर्सबाई : पाजल्यानं धोका कमी होतो, हे खरं. बाळालाही त्याचा फायदा आहे. पण धोका अगदी संपत नाही.

शेजारीण : बाई, मी पोलक्यात पैशाचा बटवा ठेवते. कधी मोबाईल पण ठेवते. त्यानं होतो का? आणि घट्ट पोलकं घातलं तर? मार लागला तर?

नर्सबाई : बटव्यानं, पोलक्यानं हा रोग होत नाही. मोबाईलनं होतो असंही दिसून आलेलं नाही. मार लागल्यानं पण होत नाही. मार लागला की आपला हात तिथं जातो, आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते. मग वाटतं की मारानंच झाली.

शेजारीण : मग होतो तरी कशानं?

नर्सबाई : एकच कारण सांगता येत नाही. वय वाढणं हे मोठं कारण. पाळी फार लवकर आली किंवा फार उशिरा गेली, मूल झालं नाही किंवा पहिलं मूल उशिरा झालं, पाळी गेल्यावर वजन फार वाढलं, दारूची सवय असली, तर धोका थोडा वाढतो. पण यातलं काहीच नसलं तरी हा रोग होतो. म्हणून कुणी आजारी पडली तर "हिनं काय केलं असेल" असं बोलू नये.

आजी : आमच्या गावाकडं म्हणायचे, ही करणी हाय. नाहीतर देवीचा कोप.

नर्सबाई : आजी, कोपानं झाला असता तर देवभोळ्या बायांना झाला नसता. त्यांनाही होतो. यात बाईचं पाप नाही, कुणाची करणी नाही. देवाला हात जरूर जोडा, पण पाय दवाखान्याकडं वळवा.

शेजारीण : आमच्या चाळीत एकीला झालाय. तिचं ताट वेगळं ठेवतात. लेकरं तिच्याजवळ जाऊ देत नाहीत. हा लागट रोग आहे का?

नर्सबाई : मुळीच नाही. एका ताटात जेवलं, एका अंथरुणात झोपलं, तिची सेवा केली, तरी तो लागत नाही. तिला वेगळं ठेवलं तर रोग थांबत नाही, ती बिचारी मात्र खचते.

इतका वेळ मावशी गप्प होती. आता ती हळूच म्हणाली.

मावशी : बाई, एखादीला गाठ असली, पण दुखत नसली, तर चालतं ना?

नर्सबाई : किती दिवसांपासून आहे, मावशी?

मावशी : आंब्याला मोहर आला तवा हाताला लागली. आता आंबे उतरले. वाटाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी झाली. दुखत न्हाई म्हणून गप्प ऱ्हायले. पाल्याचा लेप लावला. घरात सांगू कुणाला? लाज वाटती.

नर्सबाई : मावशी, आज बोललात हे फार चांगलं केलंत. आता नीट ऐका. स्तनातल्या दहा गाठींपैकी आठ-नऊ गाठी साध्या असतात. त्या कॅन्सरच्या नसतात. म्हणून आधीच घाबरायचं नाही. पण साधी कुठली आणि वाईट कुठली, हे अंदाजानं ठरत नाही. आणि दुखत नाही म्हणून ती साधी, असं तर अजिबात धरायचं नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. लेपानं ती जिरत नाही. लेप लावण्यात दिवस मात्र जातात.

मावशी : पण सुई टोचली, हत्यार लागलं, की ती खवळती म्हणत्यात. मग रोग अंगभर पसरतो.

नर्सबाई : ही सगळ्यांत घातक समजूत आहे. ती कशी पडली ते सांगते. पूर्वी बाया फार उशिरा यायच्या. तोवर रोग आतून पसरलेला असायचा. ऑपरेशन व्हायचं, तरी बाई जायची. लोक म्हणायचे, हत्यार लागलं म्हणून गेली. खरं तर ती उशीर झाल्यामुळं गेली. सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढतात आणि तो तपासतात. त्यानं रोग पसरत नाही. रोग कोणता ते कळतं.

मावशी : आणि कॅन्सर निघाला तर? सगळी छातीच काढत्यात ना? मग जगून काय करायचं?

नर्सबाई : दरवेळी काढत नाहीत. गाठ लहान असताना आलात तर पुष्कळदा नुसती गाठ काढता येते, स्तन राहतो. काही वेळा स्तन काढावा लागतो. पण मावशी, स्तन गेला तरी बाई राहते. ती भाकरी थापते, कामाला जाते, नातवंडं खेळवते. घराला कोण हवं असतं, सांगा बरं?

मावशीचे डोळे भरून आले.

मावशी : उद्या येते मग. मालकांना इचारून.

नर्सबाई : मालकांना जरूर सांगा. पण तपासणी आजच करून घ्या. इथं बाईच तपासते. पडदा आहे. थोडाच वेळ लागतो.

मावशी उठली आणि पडद्याआड गेली. सून तिच्याबरोबर गेली.

नुसत्या हाताने तपासून काय होते?

कोणी म्हणेल, मोठे यंत्र नाही, डॉक्टर नाही, मग हाताने तपासून काय कळणार? याचे उत्तर आपल्या जवळच्या मुंबईने दिले आहे.

परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मुंबईतल्या गरीब वस्त्यांत एक मोठे काम सुरू केले. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून जास्त बाया त्यात होत्या. त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या बायांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका होत्या. दुसऱ्या गटातल्या बायांना रोगाची माहिती दिली. दोन्ही गटांकडे वीस वर्षे लक्ष ठेवले. २०२१ मध्ये निकाल जगापुढे मांडला.

काय दिसले? दुसऱ्या गटात रोग झालेल्या १०० बायांपैकी सुमारे ४७ जणींचा रोग सापडला तेव्हा फार वाढलेला होता. हाताने तपासलेल्या गटात हा आकडा सुमारे ३७ होता. म्हणजे तपासणीमुळे रोग लवकर सापडला. आणि ५० वर्षे व त्यावरच्या बायांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

५० वर्षांच्या आतल्या बायांमध्ये मृत्यूंचा असा फरक दिसला नाही. म्हणून त्यांनी तर तपासणीची पाळी येईपर्यंत थांबूच नये. काही वेगळे दिसले की त्यांनी स्वतःहून यावे.

आपले शरीर आपण ओळखावे

शेतकरी रोज शेतावर नजर टाकतो. कुठे कीड पडली ते त्याला चटकन कळते. तशी बाईने आपल्या शरीरावर नजर ठेवावी. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, मोरीत अंघोळ करताना बघावे. पाळी गेली असेल तर महिन्यातला एक दिवस ठरवावा. बोटे सपाट ठेवून दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा चाचपाव्या. चिमटीत धरू नये. चिमटीत साधे मांससुद्धा गाठीसारखे लागते.

या खुणा ध्यानात ठेवाव्या :

१. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, मग ती दुखो वा न दुखो.
२. कातडीला खळगा पडणे, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणे.
३. बोंड आत ओढले जाणे. पूर्वीपासून तसे असेल तर गोष्ट वेगळी.
४. बोंडातून रक्त किंवा रक्तासारखे पाणी येणे.
५. बोंडावर बरी न होणारी जखम किंवा खपली असणे.
६. एका स्तनाचा आकार अचानक बदलणे, किंवा तो लाल होणे व सुजणे.

यांतली एक जरी खूण दिसली, तरी पंधरा दिवसांच्या आत दाखवावे. पाजणाऱ्या आईच्या स्तनात दूध साकळूनही गाठ होते. पण ती लवकर गेली नाही, तर तीही दाखवावी. दुधाचीच असेल म्हणून सोडून देऊ नये.

काहीच खूण नसली तरी ३० वर्षांवरच्या बायांनी आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्यावे. सरकारने तशी सोय केली आहे. खेड्यात उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र असते. कुठे जायचे ते आशाताईला विचारावे.

उपचार आणि खर्च

गाठ संशयाची वाटली तर डॉक्टर सोनोग्राफी करतात. काहींना मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, काढायला सांगतात. मग सुईने तुकडा काढून तपासतात. कॅन्सर निघाला तर ऑपरेशन असते. काहींना सलाईनमधून औषध देतात, त्याला केमो म्हणतात. काहींना किरणांचा उपचार देतात, त्याला लोक लाईट देणे म्हणतात. काहींना पाच-दहा वर्षे गोळ्या घ्याव्या लागतात. केमोने केस गळतात, पण ते पुन्हा येतात. उपचार मध्येच सोडणे हे उपचार न घेण्याइतकेच वाईट.

एक जुनी गोष्ट सांगतो. सर दोराबजी टाटा हे मोठे उद्योगपती. त्यांच्या पत्नी मेहरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला. १९३१ साली त्या विलायतेत वारल्या. घरात पैसा होता, पण आपल्या देशात तेव्हा या रोगाचे मोठे रुग्णालय नव्हते. पुढे टाटांच्या ट्रस्टने परळला टाटा मेमोरियल रुग्णालय बांधले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेव्हा श्रीमंतालाही इथे न मिळणारा उपचार आज ठाण्याच्या बाईला लोकलच्या अंतरावर आहे. ठाण्याला गाडीत बसावे आणि परळला उतरावे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीलाही नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे.

पण एकदम परळला धावण्याची गरज नाही. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. ठाण्याच्या बायांना सिव्हिल रुग्णालय आहे. कळव्याला पालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. तिथून गरजेप्रमाणे पुढे पाठवतात.

खर्चाला भिऊन घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळ उपचार येतात. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. योजनेतल्या रुग्णालयात जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावे. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. कागदपत्रांचे सारे तो सांगतो.

पुरुषांना दोन शब्द

हा रोग पुरुषांनाही होतो. १०० रुग्णांत एखादा पुरुष असतो. पुरुषाच्या छातीत गाठ लागली तर त्यानेही लाजू नये, दाखवावे.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. घरातली बाई आपले दुखणे सर्वांत शेवटी सांगते. आधी पोरांची शाळा, मग शेताची पेरणी, मग लेकीचे लग्न. गाठ तोवर वाढत राहते. म्हणून घरच्या पुरुषाने आपण होऊन विचारावे. ती बोलली तर "काही नाही, जाईल आपोआप" असे म्हणू नये. एक दिवसाची मजुरी बुडेल. बुडू द्यावी. तिच्याबरोबर दवाखान्यात जावे. आजार निघाला तर तिला दोष देऊ नये, माहेरी धाडू नये. औषधाइतकाच घरच्यांचा धीर लागतो.

जगातल्या श्रीमंत देशांत हा रोग झालेल्या १०० बायांपैकी ९० हून अधिक बाया पाच वर्षांनीही हयात असतात. आपल्या देशात सुमारे ६६ असतात. आपल्या बाया काही दुबळ्या नाहीत. त्या उशिरा येतात आणि काहींचा उपचार अर्धवट राहतो. उपचार पुरा व्हावा यासाठी सरकारने आणि डॉक्टरांनी झटले पाहिजे. लवकर येणे मात्र आपल्या हाती आहे.

लक्षात ठेवा

गाठ दुखत नाही म्हणून ती साधी असे समजू नका.
गाठ लागली म्हणून ती कॅन्सरचीच असेही समजू नका.
अंदाज करू नका, लेप लावू नका. पंधरा दिवसांच्या आत दाखवा.
सुईने रोग पसरत नाही. शिवल्याने रोग लागत नाही.
उपचार सुरू केला की पुरा करा.

प्रश्न

१. कर्करोगाला खेकड्याचे नाव का दिले?
२. हत्यार लागले की रोग पसरतो, ही समजूत कशी पडली?
३. मावशीने काय चूक केली? नंतर काय बरे केले?
४. कोणत्या सहा खुणा दिसल्या तर दवाखान्यात जावे?
५. आपल्या गावाला जवळचे आरोग्य केंद्र कोणते? तिथे बायांची तपासणी कोणत्या दिवशी होते ते विचारा आणि वहीत लिहा.
६. ज्या बाईला अजून वाचता येत नाही, अशा एका बाईला हा धडा वाचून दाखवा.